वीसपैकी वीस

मी कुणाच्याही घरी गेले की चप्पल दाराबाहेर काढते आणि सल्ला आत घेऊन जाते. सव्वीस वर्षं हाच धंदा. धंदा म्हणायचं नाही, काम म्हणायचं, असं आमच्या प्रमुख सांगतात, पण ज्याच्यावर घर चालतं तो धंदाच की! आमच्या कचेरीचं नाव कुटुंब आधार केंद्र. जन्मल्यापासून सहा वर्षांपर्यंतची मुलं असलेल्या घरांत जायचं, मुलांशी खेळायचं, आईबापांशी बोलायचं, आणि कुठे काही अडतंय असं वाटलं तर वेळेवर योग्य माणसाकडे पाठवायचं. माझ्या हाताखालून इतकी पोरं गेलीत की बाजारात निघाले तर मिशा फुटलेले चारपाच जण तरी मला बघून रस्ता बदलतात. त्यांनी माझ्या मांडीवर काय काय केलंय ते मला अजून पाठ आहे ना.

केंद्रात मला तोंडावर ‘मोठ्या ताई’ म्हणतात आणि पाठीमागे ‘तोफ’. मला ते ठाऊक आहे. खरं सांगायचं तर दुसरं नाव जास्त आवडतं.

आमचं हत्यार म्हणजे एक कापडी पिशवी. तिच्यात ठोकळे, चित्रांची कार्डं, चमचा, कप, बाहुली, एक घंटी आणि वीस प्रश्नांची यादी. लाल ठोकळा दे. बाहुलीचं नाक कुठंय? मागून घंटी वाजवली तर मूल वळतं का? जमलं तर एक गुण, नाही जमलं तर शून्य. सोळाच्या खाली गुण आले की मी चिठ्ठी लिहून देते, आणि ती चिठ्ठी दवाखान्यात दाखवली की कान, डोळे, बोलणं, ज्याची शंका असेल त्याची तपासणी होते. चिठ्ठीवर सही माझी. माझ्या सहीशिवाय तिथलं दार उघडत नाही. म्हणजे बघा, केवढी मी!

आता माझ्या नातीचं सांगते. साडेतीन वर्षांची आहे. एका जागी बसत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. मुलगा ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सून मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करते, सकाळी नऊला जाते ती सातला येते. त्यामुळे भिंगरी माझ्याकडेच वाढली. दिवसा केंद्राच्या पाळणाघरात, संध्याकाळी घरी, आणि घरात तिचं खेळणं एकच, माझी पिशवी. दीड वर्षाची असल्यापासून रोज आमचा तोच खेळ चालायचा. लाल ठोकळा, निळा ठोकळा, बाहुलीचं नाक. शेवटी मी उठून तिच्या मागे जायची, घंटी वाजवायची, ती गर्रकन वळायची आणि मी तिचा मुका घ्यायची.

दर तीन महिन्यांनी केंद्रात नव्या कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण असतं. ते मी घेते. वीस प्रश्न कसे विचारायचे हे दाखवायला एक मूल लागतं, आणि परकं मूल ऐन वेळी रडतं. म्हणून मी भिंगरीला न्यायला लागले. पोरगी काय सांगू तुम्हाला, सगळ्यांसमोर वीसपैकी वीस! लोक टाळ्या वाजवायचे, तीही वाजवायची. ‘असं असतं बरं का निरोगी मूल,’ असं मी म्हणायची, आणि त्यात ‘असं असतं माझ्या हाताखाली वाढलेलं मूल’ हे मनातल्या मनात जोडायची. मनातल्या मनात कसलं, दोनदा उघड म्हणाले असेन.

वर्षभरापूर्वी एका रविवारी सून भाजी निवडता निवडता म्हणाली, “आई, भिंगरीला मागून हाक मारली की ती वळत नाही.”

“खेळात असते गं. मुलांचं ध्यान लागलं की त्यांना ब्रह्मदेव आला तरी कळत नाही.”

“तसं नाही. दुकानात नेलं होतं ना परवा. काउंटरवर फोन वाजत होता, हिचं लक्षच नाही. मग हात लागला तर तिने तो उचलला आणि गालाला लावला. कानाला नाही, गालाला. थरथरतो ना, ते तिला आवडलं.”

“गंमत वाटली असेल.”

“आणि ती ‘स’ म्हणतच नाही, आई. साबण नाही, सायकल नाही. आबण म्हणते.”

“बोबडं बोलते, वय आहे तिचं. हे बघ,” मी म्हणाले, आणि पुढचं वाक्य मला आजही आठवलं की जीभ हासडून ठेवावीशी वाटते, “तू फोन दुरुस्त करतेस, मी मुलं बघते. माझं मी तुझ्या दुकानात येऊन सांगते का काही?”

सून भाजी निवडत राहिली. ती तशी कमी बोलते. हाताने बोलते म्हणा ना, बारीक स्क्रू काढायची सवय. पण महिन्याभराने तिने परत विषय काढला. या वेळी सरळ म्हणाली, “कानाच्या तपासणीची चिठ्ठी द्याल का?”

“चिठ्ठी? वीसपैकी वीसला?” मी हसलेच. “अगं, तिथे खऱ्या गरजेची मुलं रांगेत आहेत. स्वतःच्या धडधाकट नातीला मध्ये घुसवलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील.”

मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “आईला कळतं त्यातलं.” झालं, विषय संपला. सून पुन्हा बोलली नाही, आणि मी ते पटल्याची खूण समजले.

त्याच आठवड्यात मी एका घरभेटीला गेले होते. अडीच वर्षांचा मुलगा, चालायला उशीर. आईला काळजी, सासूला नाही. सासू म्हणत होती, आमच्याकडची पोरं उशिराच चालतात. मी त्या सासूला समोर बसवलं आणि अशी काही सुनावली की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. “आईला शंका आली ना? मग ती खरी धरायची. खोटी निघाली तर मी स्वतः येऊन तुमच्या घरची भांडी घासीन. पण वेळ गेली तर ती कोण आणून देणार, तुम्ही?” असं म्हणाले मी. शब्द न् शब्द आठवतो. तिथेच चिठ्ठी फाडून तिच्या सुनेच्या हातात दिली आणि मोठ्या रुबाबात घरी आले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे ज्याने म्हटलं त्याने मला कुठे पाहिलं होतं कोण जाणे.

वर्ष गेलं.

या वेळच्या प्रशिक्षणात पंधरा जण होते, त्यातले एक मास्तर. चौतीस वर्षं पहिलीला शिकवून निवृत्त झाले, घरी बसून कंटाळले आणि आमच्याकडे आले. तोंडावर ही एवढी झुपकेदार मिशी, ओठ कुठे आहेत ते फक्त चहा पितानाच कळायचं. माणूस सज्जन, पण प्रत्येक गोष्टीत ‘का?’ ठोकळा लालच का? घंटी शेवटीच का? मला आयुष्यात एवढे ‘का’ कुणी विचारले नव्हते, आणि ज्यांनी विचारायला सुरुवात केली त्यांची मी सुरुवातीलाच बोळवण केली होती.

मी नेहमीप्रमाणे भिंगरीला घेऊन खेळ करून दाखवला. वीसपैकी वीस. टाळ्या. मास्तरांनी हात वर केला.

“मी करून बघू का एकदा?”

“बघा की,” मी म्हणाले. भिंगरी म्हणजे माझं हुकमाचं पान होतं, मला काय भीती!

मास्तर चटईवर तिच्यासमोर बसले. “बाळ, मला चमचा दे बरं.” भिंगरीने त्यांच्या मिशीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी कडेला उभी होते. मग तिने चमचा उचलून दिला.

मास्तर चमच्याकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. “ताई, तुम्ही जरा बाहेर जाता का?”

“का हो? मी काय कॉपी पुरवतेय?”

“हो,” मास्तर म्हणाले. “तुमचे डोळे चमच्यावर गेले होते.”

सगळे हसले. मीही हसले, आणि दाराबाहेर जाऊन फटीतून बघायला लागले. गेले म्हणजे पूर्ण जाईन ती मी कसली!

मास्तरांनी तिला बाहुली मागितली. भिंगरीने लाल ठोकळा दिला. मास्तर म्हणाले, कार्ड दे. तिने निळा ठोकळा दिला. मास्तर म्हणाले, तुझे डोळे दाखव. तिने बाहुलीचं नाक दाखवलं. मग माझ्या लक्षात आलं की मास्तर काय विचारतायत याच्याशी तिला काही देणंघेणंच नाहीये. ती आमचा रोजचा खेळ खेळत होती. पहिल्यापासून, ओळीने, एकही पायरी न चुकता. कार्डं झाली, चमचा झाला, कप झाला. शेवटी कुणी घंटी वाजवली नाही तरी ती गर्रकन वळली, मागे कुणी नाही असं बघून जराशी गोंधळली, आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या.

खोलीत कुणी टाळी वाजवली नाही.

मी आत गेले. “मिशीला बिचकली ती,” मी म्हणाले. “लहान मुलं बिचकतात.”

“बिचकली असती तर तुमच्याकडे पळाली असती,” मास्तर म्हणाले. “मिशीमुळे तिला माझे ओठ दिसत नाहीत, ताई.” मग ते उठले, आवाज न करता तिच्या मागे चार पावलांवर जाऊन उभे राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, “भिंगरी.” ती ठोकळे रचत होती. “भिंगरी, इकडे बघ.” तिने चौथा ठोकळा ठेवला. मास्तरांनी तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा बाकीच्या चौदाच्या चौदा माणसांनी मान वर केली. भिंगरीने नाही.

मला तिथे काय वाटलं ते सांगते. आधी राग आला, मास्तरांचा. मग लाज वाटली, पंधरा जणांची. पोरीची काळजी तिसऱ्या नंबरावर आली. आजी म्हणवते मी स्वतःला.

त्या दिवशी सून घरी आली तेव्हा मी चहा करून ठेवला होता. एरवी तो तीच करते. तिने कप बघितला, मला बघितलं आणि विचारलं, “काय झालं?”

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, कॉपीचंसुद्धा. सून ऐकत होती, आणि भिंगरी तिच्या मांडीवर बसून तिच्या शर्टाचं बटण फिरवत होती. माझं सांगून झालं तसा सुनेने चहाचा कप बाजूला सरकवला.

“अगं, मला बोल तरी काहीतरी,” मी म्हणाले. “शिव्या दे.”

“काय बोलू, आई? बोलले होते.”

मग तिने हात पुढे केला. “चिठ्ठी द्या.”

मी चिठ्ठी लिहिली. हजारो लिहिल्या असतील, पण ‘मुलाचं नाव’ या जागी माझ्याच घरचं नाव लिहिताना पेन दोनदा थांबलं. तपासणीची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली. ओळखीने नंबर पुढे घ्यायचा नाही, हा नियम सहा वर्षांपूर्वी केंद्रात मीच भांडून करवून घेतला होता. आपलेच दात, आपलेच ओठ. पाच आठवडे मी भिंगरीशी समोर बसून बोलले, आणि ती माझ्या तोंडाकडे किती टक लावून बघते ते पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. इतके दिवस मला वाटायचं, आजीवर किती जीव आहे पोरीचा! जीव होताच. पण बिचारी कामही करत होती.

तपासणीच्या दिवशी मी, सून आणि भिंगरी तिघी गेलो. कान तपासणाऱ्या बाई तरुण होत्या, मला नावाने नाही पण सहीने ओळखत होत्या. “अरे वा, त्या चिठ्ठीवाल्या मोठ्या ताई तुम्हीच का?” मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि सुनेला विचारायला सुरुवात केली.

“पहिल्यांदा शंका कुणाला आली?”

“मला,” सून म्हणाली.

“कधी?”

“वर्ष झालं. थोडं जास्तच.”

बाईंनी पेन थांबवलं. “मग एवढे दिवस का थांबलात?”

सुनेने माझ्याकडे पाहिलं नाही. भिंगरीचे केस मागे सारले आणि म्हणाली, “माहिती नव्हती. अशी तपासणी होते हे माहीत नव्हतं.”

अहो, ही बाई केंद्रातल्या सगळ्यात जुन्या कार्यकर्तीच्या घरात राहते! ती खोटं बोलली, तेही माझ्यासाठी, आणि स्वतः अडाणी ठरली. असं मी तिला काय दिलं होतं की तिने हे करावं? मला रडू आलं, पण आधी तोंड उघडलं, सवयीने.

“माहिती होती,” मी म्हणाले. “तिने चिठ्ठी मागितली होती. मी दिली नाही. तुमच्या फॉर्मात ‘घरच्यांचा विरोध’ असं काही असेल तर त्याच्यावर खूण करा, आणि कंसात आजी लिहा.”

बाईंनी वर पाहिलं. खूण केली. सून माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर नेमकं काय होतं ते मला कळलं नाही, पण तिने माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि तिचं घट्ट बसलेलं झाकण उघडून परत दिली.

मग भिंगरीला मांडीवर घेऊन सून आतल्या बंद खोलीत गेली. मध्ये जाड काच. बाई अलीकडे मशीनवर, मी त्यांच्या शेजारी उभी. भिंगरीच्या डोक्यावर हेडफोन, समोर एक दांडी आणि रंगीत रिंगा. आवाज आला की दांडीत रिंग टाकायची, असं तिला करून दाखवलं होतं. मशीनचा आवाज टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून आम्हालाही ऐकू यायचा, आणि आतल्या माइकमधून रिंग पडल्याचा खट् आवाज यायचा.

टूं. खट्. टूं. खट्. आवाज बारीक होत गेला तरी खट् चुकेना. माझ्या जिवात जीव यायला लागला. म्हटलं, देवा, मास्तर चुकले, मी मास्तरांच्या घरची भांडी घासते, कपडेही धुते. टूं. खट्.

बाईंनी मशीन थांबवलं. “आजी, एक विचारू? ती रिंग टाकायच्या आधी वर बघते. कुणाकडे बघते?”

मी काचेत पाहिलं. भिंगरी रिंग हातात धरून माझ्याकडे बघत होती.

“आवाज आला की तुमच्या भुवया वर जातात,” बाई म्हणाल्या. “आतापर्यंत मी तुमचे कान तपासले. चांगले आहेत.”

मला हसू आलं नाही. मुद्दाम नव्हतं हो केलं, शपथेवर सांगते. मुद्दाम केलं असतं तर निदान थांबवता तरी आलं असतं.

“बाहेर जाऊ?”

“आता गेलात तर ती तुम्हाला शोधत दाराकडे धावेल. इथेच थांबा, फक्त पाठ करून.”

मी पाठ फिरवली. समोर भिंत, भिंतीवर एक स्विच. मागे मशीन सुरू झालं. टूं. खट् आलं नाही. आमच्या घरात पाठ फिरवून उभं राहणं म्हणजे रुसणं, हे मला तेव्हाच का आठवावं? माइकमधून भिंगरीचा आवाज आला. “आजी?” मग जोरात, “आजी!” आणि मग काचेवर दोन छोट्या हातांनी मारल्याचं ऐकू आलं. सून तिला परत मांडीवर घेत होती, समजावत होती. मला वाटलं वळावं, एकदाच वळून हसावं, की बाळा नाही गं रुसले. सव्वीस वर्षं मी घरोघरी सांगत आले की मुलाकडे बघा, मुलाशी डोळ्यांनी बोला. आणि माझ्या नातीसाठी खरं कामाचं असं मला एकच करता येत होतं, तिच्याकडे न बघणं. मी स्विचवर नजर रोवली आणि दोन्ही हातांनी पर्स धरून ठेवली.

हुंदके थांबले. टूं. काही नाही. टूं. काही नाही. टूं, जरा मोठा. काही नाही. मला प्रत्येक आवाज स्वच्छ ऐकू येत होता, म्हणजे किती काळ माझ्या पोरीला काय काय ऐकू येत नव्हतं त्याची मोजदादच चालली होती. टूं, त्याहून मोठा. मी श्वास धरला. टूं, चांगला दणदणीत. खट्.

असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी मशीनचं बटण बंद झालं. बाईंनी दोन्ही कानांना मध्यम कमतरता आहे असं सांगितलं, यंत्रं लावली तर बरंच ऐकू येईल, बोलणंही सुधारेल, उशीर झालाय पण फार नाही. ‘फार नाही’ हे त्या दोनदा म्हणाल्या, बहुतेक माझ्या पाठीकडे बघून. दार उघडल्याचं कळलं. भिंगरी धावत आली आणि माझ्या पायांना मागून मिठी मारली.

सून जवळ आली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “झालं, आई. वळा आता.”

“थांब जरा,” मी म्हणाले.

“ती वाट बघतेय.”

वाट बघत होती हे खरंच होतं, पायांना तिचे हात कळत होते. पण मी आणखी थोडा वेळ भिंतीकडेच तोंड करून उभी राहिले. माझ्या तोंडावर जे होतं ते कुणी वाचण्यासारखं नव्हतं, आणि आमच्या पोरीला सगळं वाचता येतं.